साखर कुठवर पोहोचते

साखर खाल्ल्याने शरीर स्वतःवरच उलटते, हे विधान अलीकडे आहाराविषयीच्या चर्चांत इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण जे तथ्य आहे ते या विधानाच्या सरळ अर्थापासून बरेच दूर आहे, आणि तेथवर जायचे तर साखरेचा माग तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंत काढावा लागतो. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिकारयंत्रणा जेव्हा आपल्याच पेशींना परके समजून त्यांच्यावर तुटून पडते, तेव्हा जो रोग उद्भवतो त्याला स्वप्रतिकार विकार किंवा ऑटोइम्यून विकार म्हणतात. आमवातात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्यात, हा मारा सांध्यांच्या अस्तरावर होतो; पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर; मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंच्या वेष्टनावर. या विकारांना आनुवंशिक कल असतो, पण कल म्हणजे रोग नव्हे. जनुके हुबेहूब सारखी असलेल्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असला तर दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या आसपासच राहते, आणि उरलेली मोठी जागा जनुकांबाहेरच्या कारणांना मोकळी असते. साखर आणि आतड्यातील जिवाणू या दोहोंचा विचार त्या मोकळ्या जागेत करायचा आहे.

प्रथम साखरेचा मार्ग. घरातली साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा प्रत्येकी एक रेणू एकमेकांना जोडून ती बनलेली असते. लहान आतड्याच्या अस्तरावरील सुक्रेज हे विकर हा जोड तोडते, ग्लुकोज वेगाने रक्तात ओढले जाते, तर फ्रुक्टोज स्वतःच्या वेगळ्या वाहकांमार्फत काहीसे सावकाश आत जाते. माफक प्रमाणात खाल्लेली साखर या प्रवासात लहान आतड्यातच संपते. म्हणजे ज्या मोठ्या आतड्यात शरीरातील बहुसंख्य जिवाणू राहतात, त्यांच्यापर्यंत चहातली चमचाभर साखर बहुतेक पोहोचतच नाही. ‘साखर वाईट जिवाणूंना पोसते’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण येथेच अडखळते. उंदरांवरील २०१८च्या एका अभ्यासात असे दिसले की थोडे फ्रुक्टोज लहान आतडे स्वतःच जिरवते, पण ते एका दमात बरेच आले की आतड्याची ती क्षमता ओलांडली जाते आणि उरलेले यकृताकडे व काही अंशी मोठ्या आतड्याकडे ओसंडते. तेव्हा एकूण साखरेइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा प्रश्न ती किती वेगाने आणि कशासोबत आली हा आहे. शीतपेयाच्या बाटलीत १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ६०० मिलिलिटरची बाटली दुपारच्या उकाड्यात पाच मिनिटांत रिकामी झाली तर साठ ग्रॅमहून अधिक साखर, चोथ्याचा एक कणही सोबत न घेता, आत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोकळ्या साखरेसाठी सुचवलेली आदर्श मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे.

मोठ्या आतड्यातील जिवाणू मग जगतात कशावर? माणसाला जे पचत नाही त्यावर. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू, म्हणजे ज्याला व्यवहारात चोथा म्हणतात ते सगळे, त्यांचे अन्न असते, आणि ते आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार करतात. त्यांतील ब्युटिरेटकडे २०१३मध्ये सर्वांचे लक्ष गेले, कारण त्या एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी उंदरांत दाखवून दिले की जिवाणूंनी बनवलेल्या या मेदाम्लांमुळे आतड्यात नियामक टी-पेशींची संख्या वाढते. टी-पेशी हा प्रतिकारयंत्रणेचा एक मोठा वर्ग आहे. त्यातील नियामक टी-पेशींचे काम बाकीच्या पेशींना आवरण्याचे असते, आणि स्वप्रतिकार विकार हा पुष्कळ अंशी हे आवरणे कमी पडल्याचा परिणाम असतो. पुढे २०१७मध्ये ऑस्ट्रेलियातील एका गटाने पहिल्या प्रकारचा मधुमेह आपोआप होणाऱ्या उंदरांच्या जातीला असा आहार दिला की ज्यातून मोठ्या आतड्यात ॲसिटेट व ब्युटिरेट भरपूर सुटेल. त्या उंदरांत रोगाचे प्रमाण लक्षणीय घटले. याच्या उलट टोकाचा प्रयोग २०१६चा आहे. चोथा पूर्णपणे काढून घेतलेल्या उंदरांत जिवाणू उपाशी राहिले नाहीत; त्यांनी आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्म्याचा थर खायला सुरुवात केली. हा थर म्हणजे जिवाणू आणि प्रतिकारपेशी यांच्यामधली भिंत. ती पातळ झाली की जी शेजारकी आयुष्यभर शांततेत चालायची तिच्यात कुरबुरी सुरू होतात, आणि त्यांचे पर्यवसान दाहात होते. साध्या साखरेचा भडिमार केलेल्या उंदरांतही श्लेष्मा खाणारे जिवाणू वाढून हाच थर झिजल्याचे २०२०मध्ये आढळले.

येथे साखरेचा मुख्य दोष दिसू लागतो. ती ताटातली जागा व्यापते आणि पोट भरल्याची जाणीव देते, पण मोठ्या आतड्याकडे जाताना हात हलवत जाते. दोष साखरेइतकाच, तिच्यामुळे जे ताटात आले नाही त्याचा आहे.

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या ताटाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते, कारण तेथे तीन आहार एकाच वस्तीत शेजारी राहतात. पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता यांच्यामधल्या या पट्ट्यात १९७०मध्ये सिडको स्थापन होण्यापूर्वी ऐरोली, दिवा, गोठिवली, रबाळे ही आगरी-कोळी गावे होती. खारजमिनीतला भात, तांदळाची भाकरी, खाडीतली कोळंबी आणि निवट्या, पावसाळ्यासाठी वाळवलेला जवळा, सोबत वाल-पावटे, असा तो आहार होता. औद्योगिक पट्टा व नंतर घाऊक बाजार यांच्या निमित्ताने देशावरून, विशेषतः सातारा-सांगली भागातून, जी कुटुंबे नवी मुंबईत आली त्यांनी ज्वारी-बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ सोबत आणली. तिसरा आहार माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्यानांचा. रात्रपाळीच्या मध्यावर यंत्रातून निघणारी गोड कॉफी, बिस्किटे, पावाचे पदार्थ आणि फोनवरून मागवलेले जेवण हे त्याचे घटक. पण पहिला आहार आदर्श आणि तिसरा घातक अशी विभागणी करण्याचा मोह टाळायला हवा. पॉलिश केलेल्या तांदळात चोथा फारसा नसतो, आणि कोकणपट्टीचे जेवण भाकरी-उसळीच्या तुलनेत या बाबतीत उजवे होते असे म्हणता येणार नाही. वाल-पावट्यांनी ते तोलून धरले होते इतकेच. मात्र एक लहानशी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. भात थंड झाला की त्यातील स्टार्चच्या मोकळ्या झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट रचना करतात, आणि लहान आतड्यातील विकरांना ती तोडता येत नाही. या प्रतिरोधक स्टार्चचा काही भाग पुन्हा गरम केल्यावरही टिकतो. म्हणजे रात्रीचा उरलेला भात सकाळी मोहरी, हळद, कांदा घालून परतला की त्या फोडणीच्या भाताचा थोडा वाटा, ताज्या भातापेक्षा जास्त, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो. प्रमाण माफकच असते, आणि नवी मुंबईच्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात विषकारक जिवाणूही वाढू शकतात, तेव्हा तो फ्रिजमध्येच ठेवलेला बरा. तरीही काटकसरीतून आलेल्या या न्याहारीला पाकिटातल्या गोड सिरिअलपेक्षा जिवाणूंच्या बाजूने मत द्यावे लागेल.

साखरेचा दुसरा मार्ग जिवाणूंना वगळून थेट प्रतिकारपेशींपर्यंत जातो. लढाऊ टी-पेशी जाग्या झाल्या की त्यांना झटपट ऊर्जा लागते आणि त्या ग्लायकोलिसिस या प्रक्रियेने ग्लुकोज भराभर जाळतात. नियामक टी-पेशी मात्र बऱ्याच अंशी मेदाम्लांवर भागवतात. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील गटाने २०१९मध्ये उंदरांना पाण्यातून भरपूर ग्लुकोज दिले, तेव्हा टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक रेणू सक्रिय होऊन टीएच-१७ नावाच्या दाहकारक टी-पेशी वाढल्या आणि आतड्याचा दाह व मेंदू-मज्जारज्जूचा स्वप्रतिकार विकार दोन्ही बळावले. साखरविरोधी लिखाणात हा प्रयोग आवर्जून सांगितला जातो. सांगितले जात नाही ते हे की त्याच प्रयोगशाळेने दोनच वर्षे आधी मॅनोज ही दुसरी साधी साखर उंदरांना पाजली होती, त्याच टीजीएफ-बीटाच्या मार्गाने त्या वेळी नियामक टी-पेशी वाढल्या होत्या आणि मधुमेह टळला होता. ‘साखर’ या एका शब्दाखाली किती भिन्न रेणू कोंबले जातात याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. गुंतागुंत येथेच थांबत नाही. आमवाताच्या रुग्णांच्या टी-पेशी तपासल्या असता त्या अपेक्षेप्रमाणे ग्लुकोज जास्त जाळत नाहीत. उलट त्यांचे ग्लायकोलिसिस मंदावलेले असते आणि ग्लुकोज दुसऱ्याच रासायनिक वाटेने वळवले जाते, असे २०१३मध्ये दाखवले गेले. आणि कोलंबिया विद्यापीठातील २०२२च्या अभ्यासात उंदरांच्या आहारातील साखरेने टीएच-१७ पेशी वाढल्या नाहीत, तर घटल्या. त्या पेशींना जागे ठेवणारे तंतुरूप जिवाणू साखरेमुळे हटले, आणि त्यासोबत लठ्ठपणा व चयापचयाच्या बिघाडापासूनचे संरक्षणही गेले. एकच पेशी एका प्रयोगात गुन्हेगार आणि दुसऱ्यात पहारेकरी ठरते. यातून कोणताही निष्कर्ष निघत नाही असे नव्हे. सरळ रेषेत मांडलेला कोणताही निष्कर्ष टिकत नाही, एवढे निश्चित.

त्याहून सूक्ष्म असा एक तिसरा मार्ग आहे. येल विद्यापीठातील गटाने २०१९मध्ये दाखवले की मोठ्या आतड्यात पोहोचलेले ग्लुकोज व फ्रुक्टोज तेथील एका उपकारक जिवाणूचे, बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉनचे, आतड्यात पाय रोवण्यासाठी लागणारे प्रथिनच बंद पाडतात. येथे साखरेची भूमिका अन्नाची नसून इशाऱ्याची आहे; त्यामुळे ओसंडून आलेली थोडीशी साखरही तिच्या वजनाच्या मानाने मोठा परिणाम करू शकते.

माणसांतील पुरावा याच्या तुलनेत तोकडा आहे, पण आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २०१४मध्ये असे समोर आले की रोज साखरयुक्त शीतपेय घेणाऱ्या स्त्रियांत, रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे सापडणाऱ्या आमवाताचा धोका, ते क्वचितच घेणाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी अधिक होता. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नाही. शीतपेय पिणाऱ्यांच्या जीवनात इतरही पुष्कळ गोष्टी वेगळ्या असतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाबाबत कोलोरॅडोतील मुलांच्या अभ्यासाने २०१५मध्ये दिलेले उत्तर अधिक मोलाचे आहे. साखर खाण्याचा आणि स्वप्रतिकाराची सुरुवात होण्याचा संबंध त्यात आढळला नाही. ज्या मुलांत ती आधीच झालेली होती, त्यांच्यात मात्र साखरेच्या जास्त सेवनासोबत रोगाकडची वाटचाल वेगाने झाली. हा फरक मराठी घरांत नीट समजावून सांगितला जाण्याची फार गरज आहे. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या २०२३च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार दहा कोटींच्या वर आहे, त्यातले बहुतेक दुसऱ्या प्रकारचे, आणि त्यामुळे ‘मधुमेह म्हणजे गोड खाण्याचे फळ’ हे समीकरण इतके पक्के बसले आहे की आठ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन सुरू झाले की नातेवाईक आईला चॉकलेटांचा हिशेब विचारतात. त्या मुलाच्या बीटा पेशी चॉकलेटांनी मारलेल्या नसतात, आणि अशा घराला दोष देणे अज्ञानाचे तर आहेच, निर्दयपणाचेही आहे.

पाश्चात्त्य निष्कर्ष येथे जसेच्या तसे उतरवता येत नाहीत, याचा सर्वांत ठळक दाखला आमवाताचाच आहे. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१३मध्ये नोंदवले की नव्याने आमवात झालेल्या, अद्याप औषध सुरू न झालेल्या रुग्णांपैकी ७५ टक्क्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू होता, तर निरोगी माणसांत त्याचे प्रमाण केवळ २१ टक्क्यांच्या आसपास होते. हे वाचून प्रिव्होटेला हा आमवाताचा जिवाणू ठरायला वेळ लागला नाही. पण पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून, विशेषतः २०१६च्या तुलनात्मक अभ्यासातून, भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा सर्रास आणि विपुल आढळणारा जिवाणू असल्याचे दिसले. वनस्पतिजन्य, तंतुमय आहाराशी त्याचा मेळ बसतो. प्रिव्होटेला हाच दोषी असता तर महाराष्ट्रात आमवाताची साथच दिसायला हवी होती. तशी ती नाही, हे सांगणारा पुरावाही महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या कार्यक्रमांतर्गत पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली, आणि तेथे आमवाताचे प्रमाण प्रौढांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या आकड्यांहून मुळीच जास्त नाही, असे आढळले. भिगवण उजनीच्या फुगवट्यावर, उसाच्या पट्ट्यात आहे. पण उसाच्या शिवारात राहणे आणि शीतपेयातून साखर पिणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पुढे २०१९मध्ये कळले की प्रिव्होटेला कोप्री हे चार वेगवेगळ्या वंशांचे संकुल आहे आणि पाश्चात्त्य समाजांत त्यातले बरेच वंश दुर्मीळ झाले आहेत. न्यूयॉर्कमधला प्रिव्होटेला आणि भिगवणमधला प्रिव्होटेला यांचे नाव एक असले तरी वागणूक एक असेलच असे नाही.

या विषयावर बोलताना माधवनिदान या आयुर्वेदिक ग्रंथाचा उल्लेख हटकून होतो, कारण त्या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि न पचलेल्या अन्नातून निर्माण होणारा ‘आम’ हे त्याचे मूळ सांगितले आहे. सांध्याच्या रोगाचे मूळ पोटात शोधण्याची ती दृष्टी खरोखरच दखल घेण्याजोगी आहे. मात्र आम म्हणजेच गळक्या आतड्यातून सुटलेले जिवाणूंचे अंश, असे समीकरण मांडून दोन्ही शास्त्रांचे भले होत नाही. एकाची संकल्पना दुसऱ्याच्या मोजपट्टीने मापली की दोन्ही आखूड पडतात.

परिस्थिती बदलली की काय होते याबाबत स्थलांतराचे पुरावे अधिक बोलके आहेत. थायलंडमार्गे अमेरिकेतील मिनेसोटात गेलेल्या ह्मोंग आणि कॅरेन समाजांच्या २०१८च्या अभ्यासात, नव्या देशात आल्यावर काही महिन्यांतच प्रिव्होटेला मागे हटून बॅक्टेरॉइडिस वाढू लागल्याचे आणि जिवाणूंची विविधता पिढीगणिक घटत गेल्याचे दिसले. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डमध्ये दक्षिण आशियाई कुटुंबांतील मुलांत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे वार्षिक प्रमाण १९७०च्या दशकाच्या अखेरीस लाखामागे सुमारे तीन होते. १९९०पर्यंत ते जवळपास बारावर, म्हणजे स्थानिक गोऱ्या मुलांच्या बरोबरीला, पोहोचले. दहा-बारा वर्षांत जनुके बदलत नाहीत. नेमके काय बदलले, आहार, जिवाणू, संसर्ग की उन्हात राहण्याचे प्रमाण, हे त्या आकड्यांतून कळत नाही, पण बदल परिस्थितीतला होता एवढे कळते. ऐरोलीसारख्या उपनगरात असेच स्थलांतर पारपत्राशिवाय घडते. दिवा कोळीवाड्यातली आजी आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कार्यालयात रात्रपाळी करणारी तिची नात यांची जनुके जवळची, घर एक, आणि ताटे मात्र मिनेसोटाइतकी दूर असू शकतात. संशोधनाच्या दृष्टीने हे दुर्मीळ साधन आहे. भिगवणची पाहणी जशी घरोघर, साध्या प्रश्नावलीने आणि चिकाटीने झाली, तशीच येथे आगरी-कोळी गावे, देशावरून आलेल्यांच्या चाळी आणि सोसायट्या या तिन्हींत आहाराच्या नोंदी, विष्ठेचे नमुने आणि स्वप्रतिकाराची प्रतिपिंडे एकत्र तपासली तर उंदरांवरच्या परस्परविरोधी प्रयोगांतून जे सुटत नाही त्यातले काही सुटू शकेल. तोवर विष्ठेचा नमुना पाठवा आणि आपल्यासाठी नेमका आहार मिळवा, अशा जाहिरातींवर पैसे खर्च करण्यापेक्षा मटकीला मोड आणणे स्वस्त आणि बहुधा अधिक शास्त्रीय आहे. ज्याला आमवात आधीच झाला आहे त्याने मात्र आहाराच्या भरवशावर औषध सोडू नये. दाह चालू राहिला तर सांधा कायमचा झिजतो, आणि झिजलेला सांधा मोड आलेल्या मटकीने परत येत नाही.

त्या औषधांपैकीच एकात या सगळ्या विषयाचा एक जुना धागा सापडतो. सल्फासॅलाझिन ही गोळी आमवातासाठी आजही लिहून दिली जाते. ती स्वीडनमधील डॉक्टर नान्ना स्वार्ट्झ यांच्या पुढाकाराने १९३०च्या दशकाच्या अखेरीस घडवली गेली, आणि तिच्यामागे आमवाताचे मूळ जिवाणूंत असावे हा त्या काळचा अंदाज होता. अंदाजाचा तपशील चुकला, पण गोळी टिकली. तिच्यात दोन रेणू एका नायट्रोजनयुक्त दुव्याने जोडलेले आहेत, आणि माणसाच्या पचनसंस्थेला तो दुवा सहसा तोडता येत नाही. गोळीचा बराचसा भाग त्यामुळे लहान आतडे ओलांडून, जिथवर चहातली साखर जात नाही तिथवर, तसाच जातो. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो दुवा तोडतात, आणि त्यानंतरच औषधाचे दोन्ही घटक मोकळे होतात.